दया हातापर्यंत यावी



२००६ च्या जुलैत हरियाणात पाच वर्षांचं पोरगं उघड्या बोअरमध्ये पडलं. साऱ्या देशानं टीव्हीसमोर बसून देवाला साकडं घातलं. जवानांनी शेजारून भुयार खणून पोर जितं काढलं. कॅमेरे गेले, हळहळही गेली. २०१० साली सुप्रीम कोर्टानं बजावलं, निकामी बोअर बुजवा, तोंड बंद करा. तरी २०१९ मध्ये पंजाबात एक आणि तमिळनाडूत एक, दोन दोन वर्षांची लेकरं अशीच गेली. तेव्हाही सारे टीव्हीसमोरच!

आम्ही एवढंच म्हणतो, डोळ्यांत आलेली दया हातापर्यंत उतरली पाहिजे. वारीहून घरी गेलात की आपल्या शिवारातला आटलेला बोअर आधी दगडमातीनं बुजवा. लांबच्या लेकरासाठी रडलो, त्याचं सार्थक तेवढ्यात आहे.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!