धावा, पण नाडी ओळखून
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला "आरोग्यावर काहीतरी बोल" असं सांगितलं. आरोग्यावर काहीतरी म्हटलं की डॉक्टर मंडळी मीठ कमी करा, साखर सोडा इथून सुरुवात करतात आणि ऐकणारे जेवणाच्या मंडपाकडे बघायला लागतात. म्हणून मी एकाच प्रश्नावर बोलतो. दवाखान्यात हल्ली तो रोज येतो, आणि आपल्या दहावीच्या ग्रुपवर तर फोटोसकट येतो: "घड्याळ दीडशे दाखवतंय, चालेल का?"

आपल्यातले निम्मे जण पन्नाशीनंतर एकदम व्यायामाला लागले आहेत. चांगली गोष्ट आहे. मुलांनी वाढदिवसाला मनगटी घड्याळ दिलं, त्यात ठोके दिसायला लागले, आणि व्यायामापेक्षा ठोक्यांचीच काळजी जास्त झाली.

तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं सूत्र म्हणजे २२० वजा वय. बावन्न वर्षांच्या माणसाला १६८. जिमच्या भिंतीवर ते असं लावलेलं असतं, जणू १६९ वा ठोका पडला की माणूस पडला. या सूत्राचा जन्म कसा झाला ते ऐका. १९७० च्या सुमारास अमेरिकेत फॉक्स आणि हॅस्केल या दोन डॉक्टरांनी आधी झालेल्या काही अभ्यासांचे आकडे आलेखावर मांडले आणि त्यातून एक सरळ रेघ ओढली. अंदाजासाठी ओढलेली रेघ होती ती. पुढे २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच मोठ्या माहितीवरून दुसरं सूत्र दिलं: वयाला ०.७ ने गुणा आणि ते २०८ मधून वजा करा. बावन्नला १७२ येतात, फरक किरकोळ. पण आपल्या पंचाहत्तरीच्या गुरुजींना जुन्या सूत्राने १४५ आणि नव्याने १५५ येतात. आणि कुठलंही सूत्र घ्या, एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. गणिताच्या सरांची माफी मागून सांगतो, या उत्तराखाली दोन रेघा मारायच्या नाहीत.

तरी आकडा हाताशी असावा. कमाल ठोक्यांच्या ५० ते ७० टक्के म्हणजे मध्यम व्यायाम, ७० ते ८५ टक्के म्हणजे जोराचा. बावन्नला जोराचा व्यायाम साधारण ११८ ते १४३ च्या दरम्यान येतो. म्हणजे दीडशे चालेल का? रोज पळणाऱ्या, कुठलाही त्रास नसलेल्या माणसाला थोडा वेळ चालेल. वीस वर्षं खुर्चीत बसून काल बूट घेतलेल्याला नाही. आकडा एकच, माणूस वेगळा. नवशिक्याने पहिले दोन-तीन महिने मध्यम पट्ट्यातच राहावं.

घड्याळ नसेल तर बिघडत नाही. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवा, थांबल्या थांबल्या दहा सेकंद ठोके मोजा, सहाने गुणा. एक मिनिट सावकाश चालून पुन्हा मोजा. पहिल्या मिनिटात ठोके बारासुद्धा उतरत नसतील तर हृदय तपासून घ्यावं, असं १९९९ सालच्या एका मोठ्या अभ्यासापासून आम्ही मानतो. माझ्या मते हा उताराचा आकडा चढाच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे, पण त्याचा फोटो ग्रुपवर कुणी टाकत नाही.

त्याहून सोपी परीक्षा बोलण्याची. चालताना गप्पा मारता येतात पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो, तो जोराचा. एक शब्दही निघत नसेल तर वेग कमी करा.

आता ज्यांना बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी नीट ऐका. मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल यांसारख्या गोळ्या ठोके दाबून धरतात. ही गोळी घेणारा माणूस धापा टाकत असेल आणि घड्याळ ११० दाखवत असेल. त्याने "अजून बराच वाव आहे" म्हणून वेग वाढवला तर पंचाईत. त्यांच्यासाठी २२० वजा वय हे सूत्र नाहीच, बोलण्याची परीक्षा हीच खरी. आणि व्यायामासाठी गोळी परस्पर बंद करायची नाही.

अंगारकीला जालन्याहून आपल्या राजूरला पायी येणारे तुमच्यातही आहेत. पंचवीसेक किलोमीटर, रात्रभर, वर चतुर्थीचा उपास. श्रद्धेबद्दल मी बोलत नाही, मीही आलेलो आहे. पण उकाड्यात रक्त कातडीकडे वळतं, घामाने पाणी जातं, आणि त्याच वेगाला ठोके तासागणिक चढत राहतात. शेवटी मंदिराची चढण आणि दर्शनाची घाई. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने उपाशी चालणं तर वेगळाच धोका. साखर उतरली की धडधड होते, घाम फुटतो. वर सांगितलेली बीपीची गोळी चालू असेल तर ती धडधडही कळत नाही, फक्त घाम कळतो. पाणी प्या, खिशात साखर ठेवा, आणि गोळीचं काय करायचं ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आपल्या मुलांबद्दलही बोलायला हवं. पहाटे रस्त्याच्या कडेने पळणारी भरतीची पोरं तुम्ही पाहता. पोलिस भरतीत सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत काढले तर पूर्ण वीस गुण. त्या पळण्यात विशीतल्या मुलाचे ठोके कमालीच्या जवळ जाणारच, त्याला ८५ टक्क्यांची मर्यादा सांगण्यात अर्थ नाही. सराव केलेलं निरोगी शरीर ते पाच मिनिटं सोसतं. धोका आहे तो सराव नसताना, उपाशीपोटी, रात्रभर एसटीच्या स्टँडवर झोपून, उन्हात पळण्यात. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटरच्या चाचणीत पळालेली काही तरणीताठी मुलं दगावली आणि मग ते अंतर कमी करण्यात आलं. घरी मुलाला तीन गोष्टी विचारा. पळताना कधी चक्कर येऊन पडलास का? आता अंगात ताप आहे का? कुणी ताकदीची गोळी किंवा इंजेक्शन दिलंय का? आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ईसीजी आणि इको केल्याशिवाय त्याला पळू देऊ नका. काही मुलांच्या हृदयाचा स्नायू जन्मतःच जाड होत जाणारा असतो. बाहेरून पैलवान दिसतो, कळत नाही.

आपल्या वयात मात्र कारण बहुतेक वेळा बंद होत आलेली रक्तवाहिनी असते. चालताना छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थांबल्यावर बरं वाटणं, याला आपल्याकडे "गॅस" म्हणतात आणि सोडा पितात. सोडा बाजूला ठेवा, १०८ ला फोन करा. घड्याळात त्या वेळी ९० असले तरी करा.

आणि व्यायाम संपला की धपकन बसू नका. पाच मिनिटं हळू चाला, नाहीतर रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते. दुपारी विद्यार्थी विरुद्ध शिक्षक क्रिकेट आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

जेवणानंतर मी जुन्या दहावी 'ब' च्या वर्गात बसणार आहे. नाडी मोजायला शिकायची असेल त्यांनी या, आणि गोळ्या चालू आहेत त्यांनी पाकीट घेऊन या. "पांढरी, छोटी, गोल" एवढ्यावरून मला नाव ओळखता येत नाही.