नवा पत्ता कशासाठी?



आजचा विषय वाचून काहींना वाटले असेल की, हा यंत्रज्ञांच्या घरचा प्रश्न. आपल्याला त्याचे काय? इंटरनेटवर पत्ते देण्याची एक नवी पद्धत आहे, तिला आयपीची सहावी आवृत्ती म्हणतात. गप्पांच्या जाळ्यांनी, म्हणजे आपण ज्याला चॅट म्हणतो ते चालवणाऱ्यांनी, ती स्वीकारावी की नाही, एवढाच हा प्रश्न आहे. परंतु तो थोडा उकलून पाहिला म्हणजे केवळ यंत्राचा राहत नाही. एकाच्या अपराधाची शिक्षा शेजाऱ्याला व्हावी काय, असा तो न्यायाचा प्रश्न होतो.

इंटरनेटवर बोलायचे तर पत्ता हवा, आणि तेथला पत्ता आकड्यांचा असतो. जुनी, म्हणजे चौथी आवृत्ती अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावर १ जानेवारी १९८३ पासून रूढ झाली. तिचा पत्ता ३२ बिटांचा. त्यामुळे सगळे मिळून पत्ते सुमारे ४२९ कोटी. त्या काळी ही द्रौपदीची थाळीच वाटली असेल! पण ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. जे आधी पंगतीला बसले त्यांच्या पानात भरपूर पडले. अमेरिकेच्या वाट्याला दीडशे कोटींहून अधिक पत्ते आहेत; १४० कोटींच्या आपल्या देशाकडे चार कोटींच्या आसपास.

तुटवडा आला की माणसे वाटून घेतात. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनीही एकेका पत्त्याआड शेकडो ग्राहक बसवले. याचा परिणाम काय होतो, हे आपल्या भागात पाण्याच्या उदाहरणाने चटकन समजेल. जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी नळाने दूरवर जाते. समजा, एखाद्या इमारतीला एकच जोडणी आहे आणि आतली बिऱ्हाडे पाणी वाटून घेतात. दोघांनी पट्टी थकवली आणि जोडणी तोडली गेली, तर वेळेवर पैसे भरणाऱ्याचीही घागर रिकामीच राहते. पाणी तोडणाऱ्याला इमारत दिसते, बिऱ्हाड दिसत नाही.

आता गप्पांच्या जाळ्यांकडे वळू. १९८८ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधील औलू येथे यार्को ओइकारिनेन यांनी इंटरनेट रिले चॅट, म्हणजे आयआरसी, निर्माण केले. तेथे एखादे टोपणनाव घ्यायचे आणि बैठकीत जाऊन बसायचे, अशी मोकळी रीत होती. मग कोणी शिवीगाळ केली, बैठक उधळली, तर द्वारपालाने त्याला ओळखायचे कशावरून? टोपणनाव तर क्षणात बदलता येते. उरतो तो पत्ता. म्हणून पत्त्यालाच बंदी घालायची, आणि एका पत्त्यावरून मोजक्याच जणांना आत घ्यायचे, असे नियम झाले. एका पत्त्यावर एक माणूस होता तोवर ते रास्त होते. आज त्याच पत्त्यावर शेकडो माणसे असतील, तर द्वारपालापुढे दोनच वाटा राहतात: बंदी घालून निरपराधांना बाहेर ठेवावे, किंवा बंदी न घालता गुंडाला मोकळे सोडावे.

नवी पद्धत ही कोंडी फोडते. तिचा पत्ता १२८ बिटांचा. एकूण पत्ते सुमारे ३४ या आकड्यापुढे ३७ शून्ये. भारत सरकारने जुलै २०१० मध्ये या पद्धतीचा मार्गदर्शक आराखडा काढला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या जिओने आपले मोबाइलचे जाळे नव्या पत्त्यांवरच उभारले. आज आपल्या देशातील निम्म्याहून अधिक ग्राहकांपाशी नवा पत्ता आहे. मग अडते कोठे? अडते ते पलीकडच्या दाराशी. ज्या जाळ्याला जुनाच पत्ता कळतो, तेथे जाताना कंपनी या मोबाइलला सामायिक जुन्या पत्त्यानेच पाठवते. म्हणजे बदलापूरची एखादी विद्यार्थिनी एकीकडे स्वतःच्या पत्त्याने जाते आणि दुसरीकडे त्याच मोबाइलवरून गर्दीतली एक होऊन जाते.

असे कोणी म्हणेल की, नव्या पत्त्याने गप्पा काही वेगाने होणार नाहीत. हे खरे आहे. चार ओळींच्या मजकुराला वेग कसला! दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून टपालाचा पिनकोड आला, तेव्हा जुन्या पत्त्याखाली सहा आकडे लिहिले की काम भागले. येथे तसे नाही. जुनी आणि नवी पद्धत एकमेकींची भाषा जाणत नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी चालवाव्या लागतात. अशी अनेक जाळी स्वयंसेवक फावल्या वेळात चालवतात, त्यांच्यावर हा दुहेरी भार पडतो. तरीही तो पेलता येतो. २०२१ मध्ये स्वयंसेवकांनीच उभारलेले लिबेरा चॅट दोन्ही पत्ते स्वीकारते.

तिसरा आक्षेप असा की, पत्ते इतके मुबलक झाले तर गुंड रोज नवा पत्ता घेईल. बरोबर आहे. नव्या पद्धतीत एका घराच्या वाट्याचा लहानात लहान गटदेखील साऱ्या जुन्या पत्त्यांच्या ४२९ कोटी पट असतो. म्हणून बंदी एकट्या पत्त्याला न घालता त्या गटाला घालावी लागते. जुनी नियमवही नव्या घरात तशीच उचलून नेली, तर ती कामाची नाही. आणि चौथी गोष्ट खासगीपणाची. गर्दीत माणूस लपतो. स्वतःच्या पत्त्याने तो उघडा पडतो. मोबाइल आपल्या पत्त्याचा शेवटचा भाग अधूनमधून बदलतात, पण पुढचा भाग घराचा माग सांगतोच. तेव्हा पत्ता द्वारपालाने पाहावा, बैठकीतल्या इतरांपासून मात्र झाकून ठेवावा. ही सोय पुष्कळ जाळ्यांवर आहे. ती सक्तीची असावी.

सारांश, एखाद्या कचेरीच्या चार भिंतींत चालणाऱ्या गप्पांना नव्या पत्त्याची घाई नाही. पण ज्या जाळ्याचे दार जगाला उघडे आहे, त्याने तो स्वीकारावा. जुना न सोडता, आणि बंदीचे नियम नव्याने लिहून. कारण पत्त्यांची पंगत बसली तेव्हा आपण उशिरा पोहोचलो, यात बदलापूरच्या त्या विद्यार्थिनीचा काही दोष नाही. तिने काही आगळीक केली तर तिला जरूर जाब विचारावा. दुसऱ्याने केली म्हणून तिच्या तोंडावर दार लावू नये.