पाणी सोडणाऱ्याला बढती कुठे?

(आळेफाटा येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)

कांद्याला भाव नसतानाही घरात न बसता इथं आलेल्या श्रोत्यांनो, (हशा)

पत्रिकेवर विषय छापलाय, 'स्थानिक स्वराज्य संस्थांतील देखभाल कर्मचारी : कामाचे स्वरूप व सेवाश्रेणी'. विषय संयोजकांचा आहे, मी फक्त हो म्हणालो. मला ज्यांनी आधी कुठं ऐकलंय ते पहिल्या रांगेत बसून आत्तापासूनच हसतायत. त्यांचा अंदाज बरोबर आहे. मी पाणी सोडणाऱ्यावर बोलणार आहे. (हशा) सफाई कामगार येतील, दिवाबत्तीवाला येईल, शिपाई येईल, पण शेवटी गाडी व्हॉल्व्हवर येऊन थांबणार. त्याला माझा इलाज नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना एसटी गाठायची आहे ते निघू शकतील. ज्याच्या हाताखाली दुसरा माणूस नाही त्याला बढती मिळूच शकत नाही. आपल्या गावांतला पाणी सोडणारा एकटा असतो. म्हणून तो ज्या जागेवर लागतो त्याच जागेवरून घरी जातो. तेव्हा त्याला गावाचा नोकर ठेवू नका, तालुक्याचा करा. एवढंच. बाकीचा वेळ हे एवढंच का, ते सांगण्यात जाईल.

पार्श्वभूमी तुम्हाला ठाऊक आहे. वसंतराव नाईक समिती, 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, पुढं त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती. सभागृहात शिक्षक बरेच दिसतात, त्यांनी हे मुलांकडून पाठ करून घेतलंय. पुढं जाऊ.

एक गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकात नसते. मुंबई राज्याच्या 1959 सालच्या कायद्यांची यादी काढा. पहिल्या क्रमांकाचा कायदा कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा. तिसऱ्या क्रमांकाचा कायदा ग्रामपंचायतीचा. दोघांच्याही नावात 1958 आहे, अंमल पुढचा. महारवतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं होतं. तीस वर्षांनी ते वतन गेलं, आणि जवळजवळ त्याच बैठकीत पगारी नोकर ठेवणारी पंचायत उभी राहिली. म्हणजे पिढ्यान् पिढ्या गावाची राबणूक करणाऱ्याला कायद्यानं सांगितलं, आता तू वतनदार नाहीस, बलुतं नाही, तू कर्मचारी. फार चांगलं झालं. पण कर्मचारी म्हटलं की त्याला खालची जागा असते, वरची जागा असते, मधल्या पायऱ्या असतात. तो जिना कुणी बांधलाच नाही. वतनात बढती नव्हती, पंचायतीतही नाही.

आता कुणी म्हणेल, असं कसं, सरकारनं किमान वेतन दिलंय. दिलंय ना! कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा तीन रांगा आहेत, ऑगस्ट 2020 मध्ये दर सुधारले. पण रांग म्हणजे पायरी नव्हे. अकुशलाचा अर्धकुशल किती वर्षांनी होतो, कोण करतं, कुठली परीक्षा घेऊन, याचं उत्तर पंचायतीच्या कपाटात सापडत नाही. वर पगारातला सरकारचा हिस्सा वसुलीच्या टक्केवारीला बांधला. तुम्ही घरपट्टी-पाणीपट्टी थकवायची आणि कात्री पाणी सोडणाऱ्याच्या पगाराला. या अटीवर कर्मचारी संघटनांनी मोर्चे काढले. इथं बसलेल्यांपैकी कुणाकुणाची पाणीपट्टी थकलीय, हात वर करा म्हणत नाही. (हशा) शेजाऱ्याकडं बघू नका.

वर जायला एक दार आहे. जिल्हा परिषदेच्या वर्ग तीन आणि चारच्या जागांपैकी दहा टक्के जागा ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांतून भरायच्या. ज्येष्ठता यादी लागते, सेवेची वर्षं मोजतात, शिक्षणाची अट असते. पण त्या दारातून जो जातो तो जाताना चावी खाली ठेवून जातो. तो परिचर होतो, लिपिक होतो. व्हॉल्व्हचं जे ज्ञान त्यानं कमावलं, ते बढतीच्या कामाचं नाही! आणि तिथं पोचायला पुन्हा दहावीचं सर्टिफिकेट.

आपल्या आळ्याला रेड्याची समाधी आहे. ज्ञानोबांनी त्या रेड्याकडून वेद वदवले, तेव्हा पैठणच्या ब्रह्मवृंदानं आधी त्याची शैक्षणिक अर्हता विचारली नाही. (मोठा हशा, टाळ्या) थांबा, थांबा. मी कामगाराची तुलना रेड्याशी करतोय असं उद्या गावात सांगू नका. मी तुलना केली असेल तर ब्रह्मवृंदाशी, आणि ती आपली. (हशा)

नगरपरिषदेत जरा बरं असतं. जुन्नरला जा. तिथं कामगार आहे, त्याच्यावर मुकादम आहे, त्याच्यावर स्वच्छता निरीक्षक. पाणीपुरवठ्यात मजूर, फिटर, पर्यवेक्षक, अभियंता. जिना आहे. पण मधली पायरी उचलून वर नेलीय. स्वच्छता निरीक्षकाचा राज्यस्तरीय संवर्ग झाला, त्याची भरती परीक्षेनं होते, पदविका लागते. झाडू मारता मारता मुकादम झालेल्या माणसाला वर बघितलं की एखादा पदविकाधारक दिसतो, जो काल लातूरहून आला आणि उद्या चंद्रपूरला जाणार. त्या पोराचा दोष नाही. आश्वासित प्रगती योजनेत दहा, वीस, तीस वर्षांनी वेतनश्रेणी वाढते, हे खरं. पगार चढतो, माणूस त्याच गटाराच्या काठावर उभा राहतो.

आणि लाड-पागे समिती! मागून कुजबुज ऐकू आली, म्हणून घेतो. सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी देण्याची ही तरतूद सत्तरच्या दशकातली. फेब्रुवारी 2023 मध्ये सरकारनं सगळे जुने आदेश एकत्र करून नवा निर्णय काढला. मी याच्या विरोधात आहे अशी माझ्याबद्दल एक समजूत आहे. ती खरी नाही. ज्या घरातल्या पोराला दुसरीकडं कुणी उभं करत नव्हतं, त्या घरानं हा हक्क का सोडावा? पण बारकाईनं बघा, बापाला वर चढता येत नाही म्हणून त्याची जागा आडवी मुलाकडं सरकते. 1959 साली पुढच्या दारानं गेलेलं वतन मागच्या दारानं आलं का, एवढाच माझा प्रश्न आहे. रागावू नका. चहाच्या वेळी भांडू.

मोठ्या शहरात तर आधी 'तू आमचा नोकर आहेस की नाहीस' इथूनच सुरुवात. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघानं 2,700 कंत्राटी सफाई कामगारांसाठी खटला लढवला, 2017 साली सर्वोच्च न्यायालयानं ते कायम कामगार असल्याचं मान्य केलं. मधली वर्षं कामगार कचरा उचलत होते आणि महापालिका म्हणत होती, आम्ही यांना ओळखत नाही. त्याच मुंबईत पाणीखात्यात 'चावीवाला' ही जागा आहे. निखिल आनंद या अमेरिकेतल्या प्राध्यापकानं मुंबईच्या पाण्यावर 2017 मध्ये एक पुस्तक काढलं, त्यात हे चावीवाले भेटतात. मुंबईच्या चावीवाल्याला अमेरिकेतून वाचक मिळाला. आपल्या मामांना आळेफाट्यावर मिळाला तरी पुष्कळ.

मामा म्हणजे कोण? आपल्याच तालुक्यातलं एक गाव. नाव सांगत नाही. (श्रोत्यांतून एका गावाचे नाव) नाही, ते नाही. आणि असलं तरी नाही. मी तिथं ग्रामसेवक होतो. पाणी सोडणाऱ्याला सगळं गाव मामा म्हणायचं. महामार्गाचं रुंदीकरण चाललं होतं, ऐन एप्रिल. एका सकाळी मशीननं मुख्य लाइन उडवली. तीन वस्त्या कोरड्या. ठेकेदाराचे इंजिनिअर आले, त्यांच्या हातात मंजूर योजनेचा नकाशा. नकाशा सुबक होता, फक्त पाइप त्या जागी नव्हता. कारण योजना झाली तेव्हा मध्ये कुणाचं तरी खळं आलं, कुणाची विहीर आली, रात्रीतून लाइन वळली. ते वळण कागदावर कुणी घ्यायचं? ते मामांच्या डोक्यात राहिलं.

बंद करायचा व्हॉल्व्ह सापडेना. तो सापडल्याशिवाय जोडकाम करता येईना, कारण टाकीतलं उरलंसुरलं पाणी सारखं खड्ड्यात उतरत होतं. इंजिनिअर दोन ठिकाणी खोदून दमले. मामा बाजूला बिडी ओढत उभे. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे त्यांनी नोकरीत शिकून घेतलेलं. शेवटी मी म्हणालो, मामा, बघा की. त्यांनी लोखंडी पहार मागितली. टोक जमिनीत, दुसरं टोक कानाला. पाच पावलं चालायचे, ऐकायचे. पुन्हा पाच पावलं. रस्त्यावरच्या ट्रक थांबवा म्हणाले. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या ट्रक! (हशा) पोलिसानं खरंच दोन मिनिटं थांबवल्या. मग मामांनी एका पानटपरीपुढच्या फरशीवर पहार आपटली. फरशीखाली चेंबर, चेंबरमध्ये व्हॉल्व्ह. टपरीवाल्याला स्वतःला ठाऊक नव्हतं की तो रोज कशावर उभा राहून चुना लावतो.

यात जादू काही नाही. गळतं पाणी पाइपात आवाज करतं, लोखंडातून तो कानात येतो. शहरात त्यासाठी यंत्रं असतात. पण कुठून ऐकायला सुरुवात करायची, हे यंत्राला कोण सांगणार? मामांना प्रत्येक व्हॉल्व्हचे आटे पाठ होते. वरच्या आळीला पाणी चढवायचं तर खालच्या आळीचा व्हॉल्व्ह किती आटे आवळायचा, शाळेच्या टाकीला कुठल्या वेळी, कोल्हाट्यांच्या वस्तीला शेवटी का होईना पण पुरेसं कसं. झटक्यात उघडला तर आत कोंडलेली हवा आणि पाण्याचा दणका मिळून सांधा फोडतात, म्हणून सावकाश. लग्नघर असेल तर सदस्य येऊन बसणार, जादा सोड. नाही सोडलं तर मासिक सभेत तक्रार. सोडलं तर दुसऱ्या सदस्याची.

शिवाय टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे लाखाच्या टाकीला अर्धा किलो. पावडर जुनी असली की तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो, मग माप बदलतं. घोळ करायचा, निवळी टाकायची, शेवटच्या नळावर जाऊन पाण्यातला क्लोरीन बघायची ओटी टेस्ट करायची, पिवळा रंग आला पाहिजे. वर्षातून दोनदा आरोग्य खातं पाहणी करून हिरवं, पिवळं, लाल कार्ड देतं. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं तर चंदेरी. त्या चंदेरी कार्डाबरोबरच्या फोटोत सरपंच असतात, मी असायचो. ज्याच्या हाताची कातडी त्या पावडरीनं सोलली तो फोटोत कधी मी पाहिला नाही.

आणि रात्र. थ्री फेजची पाळी रात्रीची आली की विहिरीवर पंप चालू करायला जायचं कुणी? वाट उसातून. आपला तालुका बिबट्यांचा, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज द्या म्हणून आपण रस्ता अडवतो, अडवलाच पाहिजे. पण पाणी सोडणाऱ्याला दिवसा वीज द्या अशी घोषणा मी अजून...

(अध्यक्षांनी चिठ्ठी दिली.) दहा मिनिटं? मला वाटलं अजून अर्धा तास आहे. ट्रक जरा जास्त वेळ थांबवल्या वाटतं. (हशा)

बरं, भरभर सांगतो. मामा निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं, माझंही झालं. हुद्दा लागले तेव्हाचाच. मी त्या काळात ग्रामसेवकाचा ग्रामविकास अधिकारी झालो, पुढं विस्तार अधिकारी. आमचा जिना होता, कारण आम्ही गावाचे नव्हतो, जिल्ह्याचे होतो. 2024 साली तर सरकारनं ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदं एकत्र करून ग्रामपंचायत अधिकारी असं नवं नाव दिलं. लेखणीवाल्याच्या पदाचं नाव बदलतं, चावीवाल्याचं पदच धड नाही. मामांच्या जागी पोरगा घेतला, तो दहावी पास होता. पहिल्याच आठवड्यात वरची आळी कोरडी आणि खालच्या आळीत सांधा फुटला. पोरगा वाईट नव्हता. त्याला मामांच्या हाताखाली वर्षभर ठेवलं असतं तर? पण आकृतिबंधात, म्हणजे पंचायतीच्या मंजूर पदांच्या तक्त्यात, एकच जागा!

हा आकृतिबंध लोकसंख्येवर ठरतो. आता आपलाच फाटा घ्या. एका बाजूला आळे, एका बाजूला वडगाव आनंद. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते इथं एकमेकांना कापतात. एसटी स्टँड, हॉटेलं, लॉज, कांद्याच्या लिलावाला येणारी वाहनं, माथाडी, व्यापारी. ही सगळी माणसं इथं पाणी पितात, कचरा टाकतात, आणि जनगणनेत आपापल्या गावी मोजली जातात. तीही 2011 च्या. काम फाट्याचं, माणसं गावाची, असा हिशेब.

म्हणून माझी मागणी. पंचायत समितीच्या पातळीवर तालुक्याचा एकच संवर्ग करा. आळे, राजुरी, बेल्हे, ओतूर, पिंपळवंडी, कुठलंही गाव. तळाला मदतनीस, मग व्हॉल्व्हमन, मग पाच-सहा गावांचा पाणी मुकादम, त्याच्यावर तालुक्याचा पर्यवेक्षक. मुकादमाची परीक्षा कागदावर नाही. अनोळखी गावात न्या, पहार द्या, चावी द्या, आठवडा द्या. आठवड्यानं त्यानं शेवटच्या नळाला पाणी आणि ओटीला पिवळा रंग दाखवला की पास. लिहिता येत नसेल तर त्यानं सांगावं, लिपिकानं लिहावं. जलजीवन मिशनमध्ये आपण माणशी रोज 55 लिटरचं वचन दिलंय. पाइप घालायला पैसे आले, पाइप ओळखणाऱ्याची जागा मंजूर झाली नाही.

एक आक्षेप नेहमी येतो, आत्ताही चिठ्ठी आलीय. 'बदल्या सुरू झाल्या तर आमच्या गावचा माणूस दुसऱ्या गावात जाईल, आमचं पाणी कोण सोडणार?' ज्यांनी लिहिलंय त्यांनी माझं सगळं भाषण एका ओळीत मांडलं. एक माणूस आजारी पडला, त्याच्या मुलीचं लग्न निघालं, त्याला बिबट्या आडवा आला, तर आज तुमचं पाणी कोण सोडतं? कुणी नाही. संवर्गात निदान दुसरा येईल.

दुसरी चिठ्ठी, 'पैसा कुठून आणणार?' हे अक्षर मी ओळखतो, पण नाव घेत नाही. (हशा) निम्मा पाणीपट्टीतून, आणि निम्म्यासाठी जिल्हा परिषदेत भांडावं लागेल. भांडायला मी येतो. पाणीपट्टीचं मात्र तुम्ही बघा. कार्यालय उद्या दहाला उघडतं आणि... हो, हो, अध्यक्षसाहेब उभे राहिलेच आहेत, मी बसतो.