बेळगावहून द्राक्षांच्या मुलखाकडे

(निपाणी परिसरातील शेतकरी, शिक्षक व अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणावरून)



बेळगावहून वाईनच्या मुलखास कसे जावे, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. तो ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. म्हणून आरंभीच सांगतो की, मद्याची तरफदारी करण्यासाठी मी येथे उभा नाही. ज्या मुलखात द्राक्ष पिकते, तेथील थोडी द्राक्षे वाईनकडे जातात. पुष्कळशी खाण्यासाठी व बेदाण्यासाठी जातात. या तीन वाटांपैकी कोणती वाट आपल्या बांधापासून किती लांब आहे, हे आपणांस कळावे, एवढाच या प्रवासाचा हेतू.

रस्त्याने आणि रेल्वेने

बेळगावहून जवळचा असा मुलूख म्हणजे सांगली जिल्ह्यातील तासगाव, पलूस व कवठे महांकाळ हा भाग. मोटारीने जायचे तर पुणे–बेंगळुरू महामार्ग धरावा. त्याचा क्रमांक पूर्वी ४ होता, आता तो ४८ आहे. संकेश्वर, निपाणी करीत कोगनोळीजवळ आपण कर्नाटकाची हद्द ओलांडतो आणि कागलमार्गे कोल्हापूरला पोहोचतो. हे अंतर सुमारे ११० किलोमीटर आहे. शहरात न शिरता शिरोलीजवळ उजवीकडे वळले की हातकणंगले, जयसिंगपूर मागे टाकून सांगली येते. तेथून तासगाव सुमारे २५ किलोमीटर.

रेल्वेची वाट निराळी आहे. निपाणीस रेल्वे नाही. परंतु बेळगावहून मिरजेकडे जाणारी गाडी घटप्रभा, चिकोडी रोड, रायबाग, कुडची, उगार व शेडबाळ अशी ऊस-शिवारातून जाते. मिरजेहून पुढे सांगली, भिलवडी आणि मग किर्लोस्करवाडी. या स्थानकालगतच पलूस आहे. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण स्वीकारल्यानंतर जे दोन वाईन पार्क उभारण्यात आले, त्यांपैकी एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला व दुसरा येथे पलूसला आहे.

किर्लोस्करवाडीचे नाव निघाले म्हणून शिक्षकांना एक आठवण देतो. किर्लोस्कर बंधूंनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे लक्ष्मणरावांनी तेथेच लोखंडी नांगर घडविला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील कुंडलच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना वसविला. बेळगावहून पलूसकडे जाणारी ही वाट शेतीच्या सुधारणेने शंभर वर्षांपूर्वीच मळलेली आहे.

जाण्याचा काळ फेब्रुवारी–मार्च हा उत्तम. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळ छाटणी झाल्यावर याच दिवसांत घड पक्व होतात व बेदाण्याच्या शेडही भरलेल्या असतात. पावसाळ्यात तेथे पाहण्यासारखे थोडे. शिवाय २०१९ व २०२१ च्या महापुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी चढून हा महामार्ग बंद पडला होता, हे आपण विसरलेलो नाही.

फळाचा प्रवास

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. माणसाला हा रस्ता सारखाच आहे. द्राक्षाला मात्र तो सारखा नाही.

खाण्याचे द्राक्ष शीतगृहाच्या साहाय्याने दूरचा प्रवास करू शकते. ‘तास-ए-गणेश’ हे बिनबियांचे वाण तासगाव तालुक्यातील बोरगावचे शेतकरी वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवडून काढले, आणि तेथील घड दूरदूरच्या बाजारपेठांत गेले. बेदाणा तर त्याहूनही सोशिक. घड द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर सावलीत सुकवितात. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. तो शीतगृहात ठेवता येतो आणि भाव पाहून विकता येतो. अथणी व विजयपूर भागांतील शेतकरी राज्याची हद्द ओलांडून आपला बेदाणा तासगाव–सांगलीच्या सौद्यात आणतात, तो याच गुणामुळे.

वाईनच्या द्राक्षाचे तसे नाही. कॅबर्ने सॉव्हिन्यों, शिराझ, शेनिन ब्लाँ ही वाणे लहान मण्यांची व बियांची असतात. गोडी मोजून, पहाटेच्या गारव्यात तोडणी करून, शक्य तो काही तासांतच ती गाळपास न्यावी लागतात. ऊन लागले, मणी फुटले, की रस वाटेतच आंबू लागतो. आणि कारखान्याने माल नाकारला, तर ही द्राक्षे बाजारात खाण्यासाठी कोणी घेत नाही. म्हणजे या पिकाला अंतर थोडे लागते आणि गिऱ्हाईकही एकच असते.

निपाणीचा अनुभव

एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असणे म्हणजे काय, हे निपाणीकरांना मी सांगावयास नको. तंबाखू वखारीच्या दारात नेऊन उभा केल्यावर भाव दुसऱ्याने ठरवावा, हा अनुभव आपल्या वाडवडिलांनी घेतला. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी याच महामार्गावर ठाण मांडले आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या घटनेचे स्मरण येथे भाषणाला रंग आणण्यासाठी करीत नाही. ज्या पिकाला एकच दार असते, त्या दाराची किल्ली शेतकऱ्याच्या हाती नसते, हा धडा तंबाखूने दिला. तो द्राक्ष लावताना आपण विसरू नये.

वाईनच्या बाबतीतही तेच घडून गेले आहे. २००८ नंतर मागणी मंदावली, तेव्हा महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांनी उभारलेल्या वाईनच्या बागा काढून टाकल्या. ज्या बागेस मांडव, तारा, ठिबक यांवर लाखमोलाचा खर्च झाला, ती कुऱ्हाडीखाली गेली. कर्नाटक शासनानेही २००७ मध्ये द्राक्षप्रक्रिया व वाईन धोरण जाहीर केले असून कृष्णाखोऱ्यातील बेळगाव, विजयपूर, बागलकोट हे जिल्हे द्राक्षाचे म्हणून ओळखले जातात. धोरण हे शासनाचे आश्वासन असते. खरेदीचा करार हा वेगळा कागद आहे. दोहोंत गल्लत होऊ नये.

जाण्यापूर्वी व आल्यानंतर

तेव्हा ज्यांना जावयाचे आहे त्यांनी जरूर जावे, पण डोळे उघडे ठेवून. तासगावच्या सौद्यात अर्धा दिवस उभे राहावे. बेदाण्याच्या शेडमध्ये हवा किती कोरडी आहे, हे अंगाने अनुभवावे व आपल्या गावच्या हवेशी ताडून पाहावे; वेदगंगा–दूधगंगेच्या काठची हवा जतच्या माळासारखी नाही. पलूसला गेल्यास पहिला प्रश्न भावाचा विचारू नये. माल नाकारला तर काय, हा विचारावा. येताना बाटली आणण्याचा मोह टाळावा, कारण मद्य एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास अबकारी कायद्याचे निर्बंध आहेत आणि तपासणी नाक्यावर अज्ञान ही सबब चालत नाही.

शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना नकाशा देऊन हा रस्ता काढावयास सांगावा, आणि चार किलोंचा एक किलो होताना खर्च धरून नफा किती उरतो, हे गणित घालावे. अधिकारीवर्गास विनंती अशी की, सल्ला मागावयास आलेल्या शेतकऱ्याला रोपांची माहिती देण्याआधी त्याच्या शेतापासून गाळपाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर विचारावे.

बेळगाव ते तासगाव हा रस्ता सकाळी निघून दुपारपर्यंत संपतो. वेल मात्र एकदा लावली की दहा-पंधरा वर्षे सोबत करते. एका दिवसाच्या प्रवासाने जर पंधरा वर्षांचा निर्णय शहाणपणाने घेता येत असेल, तर त्याहून स्वस्त असे शिक्षण दुसरे नाही.