जुन्या नोटा आणि त्यांवरील कोरीव चित्रे



नोट आपण सगळेच मोजतो, पाहत मात्र क्वचितच कोणी असेल. आकडा दिसला की बोट पुढच्या नोटेवर जाते. आज तासभर आकडा झाकून ठेवावा आणि उरलेला कागद पाहावा, एवढीच आमची आपणांस विनंती आहे.

नाणी जमविणाऱ्याला जमीन साहाय्य करते. नांगराच्या फाळाला कधी हंडा लागतो, नदीकाठी कधी पैसा सापडतो. कागदाला मात्र जमीन खाऊन टाकते. शिवाय खजिन्यात परत आलेली नोट रद्द होऊन नष्ट व्हावयाची, असा तिचा धर्मच आहे. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची जी नोट आज हाती येते, ती कोणाच्या तरी विसराळूपणामुळे राहिलेली असते. पोथीत, अडतीच्या वहीत, नाही तर ट्रंकेच्या तळाच्या कागदाखाली.

आता आपल्या वऱ्हाडाची गोष्ट. १८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. त्यापूर्वी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील इलाखा बँका आपापल्या नोटा काढीत. नव्या व्यवस्थेत देशाचे विभाग पाडले आणि पुढे त्यांखाली लहान ठाणी नेमली. मुंबईच्या हाताखाली नागपूर आणि कराची यांच्या जोडीला तिसरे ठाणे होते आपले अकोला! हा मान अकोल्याला कापसाने मिळवून दिला असे आम्ही समजतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस थांबला आणि विलायतेच्या गिरण्या इकडे वळल्या. कापसाची किंमत चुकती करावयाची चांदीच्या रुपयांत. आणि रुपया म्हणजे एक तोळा. हजार रुपये म्हणजे साडेबारा शेर ओझे! दहा हजारांचा सौदा करणाऱ्याला गाडी, बैल आणि राखणदार यांचीच चिंता अधिक. तेथे एक कागद खिशात घालून निघणे म्हणजे केवढी सोय, हे आपणच ताडावे.

पण ही नोट सर्वत्र चालत नसे. कलकत्त्याच्या नोटेचे रुपये अकोल्यात मागण्याचा हक्क कोणाला नव्हता. पाचाची नोट १९०३ साली ब्रह्मदेश वगळून देशभर चालू लागली. दहा आणि पन्नासाची १९१० साली, शंभराची १९११ साली. त्या काळी व्यापाऱ्यांची एक युक्ती होती. नोट मधोमध कापावयाची, एक अर्धे टपालाने धाडावयाचे आणि ते पोहोचल्याचे पत्र आले की दुसरे पाठवावयाचे. क्रमांक जुळला की दोन्ही तुकडे चिकटविले जात. म्हणून जुन्या नोटेच्या मध्यावर सांधा दिसला तर नवख्या संग्राहकाने नाक मुरडू नये. तो सांधा नोटेच्या प्रवासाचा दाखला आहे.

चित्र म्हणून या पहिल्या सरकारी नोटा आम्हांला तरी बेताच्याच वाटतात. कोपऱ्यात व्हिक्टोरिया राणीचे लहानसे मुख, दोन भाषांतील मजकूर, पाठ कोरी. त्यांच्या नकला होऊ लागल्या, म्हणून १८६७ पासून दुसऱ्या नोटा आल्या. डोळ्यांना मेजवानी हवी असेल तर इलाखा बँकांच्या नोटा पाहाव्यात. १८४० साली निघालेल्या मुंबईच्या बँकेच्या नोटांवर तेथील टाऊन हॉल आहे, आणि एल्फिन्स्टन व मालकम यांचे पुतळे आहेत. हा मालकम कोण? १८१८ साली, आपल्या धारणीहून फार दूर नसलेल्या असीरगडाच्या मुलखात दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला, तोच. बावीस वर्षांनी निघालेल्या बँकेने त्याला नोटेवर उभे केले. राज्य कोणाचे, हे नोटेचा कागद असे न बोलता सांगतो.

चित्र कोरतात कसे, तेही पाहू. धातूच्या पत्र्यावर बारीक कोरणीने उलटे चित्र खोदतात. रंग भरण्यास ब्रश नाही. रेघ खोल गेली की काळोख आणि विरळ झाली की उजेड. खाचांत शाई भरून वरचा पत्रा पुसतात, आणि मोठ्या दाबाखाली कागद ती शाई उचलून घेतो. म्हणून शाई कागदावर उंचवट्याने राहते. खिशातील शंभराची नोट काढून गांधीजींच्या चित्रावरून आणि कडेच्या तिरक्या रेघांवरून बोट फिरवा. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला त्याच रेघा नोट ओळखू देतात. चेहरा घेण्यातही हेतू आहे. वेलबुट्टीतील चूक आपल्याला कळणार नाही. पण ओळखीच्या माणसाची भुवई केसभर चुकली तरी ‘हा तो नव्हे’ असे मन लगेच सांगते.

मेळघाटात सांगावी अशी एक गोष्ट आहे. १९३५ साली रिझर्व्ह बँक निघाली, तेव्हा तिच्या मुद्रेसाठी कंपनी सरकारच्या मोहरेवरचा सिंह आणि ताडाचे झाड पसंत पडले. फक्त सिंहाच्या जागी वाघ आला. पण कारागिराने काढलेला वाघ पाहून बँकेचे अधिकारी टेलर यांना तो कुत्र्याच्या जातीचा वाटला! मग कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअरच्या फाटकावरील वाघाच्या पुतळ्याचा नमुना त्यांनी सुचविला. खरा वाघ पाहणारे मेळघाटात कितीतरी निघाले असते. पण त्यांना कोण विचारणार?

आणि हीच बाब आम्हांला अधिक टोचते. आजच्या नोटेवर दर्शनी बाजूस हिंदी आणि इंग्रजी, मागे पंधरा भाषा. त्यांत मराठी आहे. कोरकू नाही. येथल्या आठवडी बाजारात मोहाची फुले विकणारी, अक्षर न शिकलेली कोरकू म्हातारी नोट ओळखते ती रंगावरून, आकारावरून आणि चित्रावरून. तिच्यापुरती ते चित्र हीच लिपी आहे. चित्र घाईने बदलले की तिला पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागतो. १९७८ आणि २०१६ च्या नोटबंदीचे हिशेब मांडताना ही शिकवणी कोणी धरली नाही.

संग्रह करू इच्छिणाऱ्यांनी दुर्मिळ नोटेमागे धावू नये. १९६९ साली गांधीशताब्दीनिमित्त निघालेल्या नोटेवर बसलेले गांधीजी आणि त्यांच्या मागे आपल्या विदर्भातील सेवाग्रामचा आश्रम आहे. तिच्यापासून आरंभ करावा. चिंतामणराव देशमुखांची सही असलेली सहाव्या जॉर्जची नोट मिळाली तर उत्तमच. नोट धुऊ नये, तिच्यावर इस्त्री फिरवू नये, चिकटपट्टी तर लावूच नये. आपल्याकडील पावसाळ्यात बुरशी आणि कसर यांपासून तिला जपावे. २०१६ साली रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा मात्र २०१७ च्या कायद्याने दहांपेक्षा अधिक बाळगता येत नाहीत. अभ्यासक आणि संग्राहक यांना पंचवीसपर्यंत सवलत आहे.

ज्यांच्या घरी कापसाच्या अडतीच्या जुन्या वह्या असतील त्यांनी त्या रद्दीवाल्याला देण्यापूर्वी पानन्‌पान उलटावे. एखाद्या पानात अर्धी नोट निघाली, तर तिच्यावरील क्रमांक आणि ठाण्याचे नाव तेवढे आधी टिपून ठेवावे.