मुलांचे संग्रह आणि चित्रकलेचा तास

राजारामपुरीच्या एखाद्या गल्लींत राहणाऱ्या शाळकरी मुलाचा खिसा रिकामा केला, तर त्यांतून काय काय बाहेर पडेल? चार चिंचोके, तुटलेलें बटण, दोन गोट्या, सायकलच्या चाकांतला छर्रा, पतंगाच्या दोऱ्याची गुंडी, एखादा गुळगुळीत दगड. आईच्या दृष्टीनें हा सारा केर. मुलाच्या दृष्टीनें तें भांडार. रस्त्यावर पडलेल्या शंभर दगडांपैकीं त्यानें हाच कां उचलला, असें विचारलें तर तो क्षणभर थांबेल आणि मग कांहीं तरी उत्तर देईल: ह्याच्यावर पांढरी रेघ आहे, हा बोटाला गार लागतो. हें निवडणें आणि निवडीचें कारण सांगतां येणें हा कलेचा पहिला धडा होय. शाळेंत येण्यापूर्वींच मूल तो शिकलेलें असतें.

चित्रकलेच्या तासाला मात्र पुष्कळदां ह्याच्या उलट घडतें. फळ्यावर एक फुलदाणी काढली जाते आणि चाळीस वह्यांत चाळीस फुलदाण्या उमटतात. ज्याची नक्कल हुबेहूब, त्याला शाबासकी. ज्याची रेघ वांकडी, तो मनाशीं ठरवून टाकतो कीं चित्रकला आपल्यासाठीं नाहीं. एकदां हें ठरलें कीं तो पुढें जन्मभर हातांत पेन्सिल धरीत नाहीं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठीं हाताला वळण हवें, हें कोणी नाकारीत नाहीं. परंतु त्या मुलाची नजर वांचविण्यासाठीं वर्षांतून एकदां तरी त्याच्याच वस्तूंपासून चित्रकलेचा आरंभ करणें इष्ट आहे. ‘संग्रह’ हा विषय त्याला फार सोयीचा.

पहिल्या आठवड्यांत प्रत्येक मुलानें सात वस्तु आणाव्या. अट एकच, ती कडक: एकही वस्तु विकत घेतलेली नसावी. ही अट नसेल तर एखादें मूल कातडी बांधणीची तिकिटांची वही घेऊन येतें आणि त्याच्या शेजारचें मूल आपली पिशवी बांकाखालीं सरकवितें. बियांच्या, बटणांच्या, एस्. टी.च्या जुन्या तिकिटांच्या, चपलेच्या तुटक्या पट्ट्यांच्या बाबतींत श्रीमंत-गरीब हा भेद उरत नाहीं. चर्मकाराच्या मुलाकडे तर कातड्याचे असे सुंदर तुकडे असतात कीं इतरांनीं हेवा करावा. घरटीं, अंडीं, फुलपांखरें ह्यांना हात लावूं नये. पडलेलें पीस वा गळलेलें पान चालेल.

दुसरा आठवडा मांडणीचा. सात वस्तु एका कागदावर ठेवून मुलांनीं त्या प्रथम रंगाप्रमाणें लावाव्या, मग आकाराप्रमाणें, मग जुन्यापासून नव्यापर्यंत. प्रत्येक वेळीं त्याच वस्तु निराळ्या दिसूं लागतात. ढीग आणि संग्रह ह्यांतील भेद येथें मुलांच्या ध्यानांत येतो: ढिगाऱ्यांत वस्तु नुसत्या पडलेल्या असतात, संग्रहांत त्यांचें एकमेकींशीं नातें असतें. ह्यानंतरच पेन्सिल हातांत द्यावी. सातांतील एकच वस्तु, तळहाताएवढी मोठी करून, रबर न वापरतां काढावी. दुसरें चित्र तिच्या सावलीचें. तिसरा ठसा: नाण्यावर किंवा चपलेच्या विणीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली कीं नक्षी आपोआप उमटते. ज्याला चित्र येत नाहीं असें वाटत होतें, त्याचाही हात येथें धीट होतो.

तिसऱ्या आठवड्यांत मुलांना मोठ्या माणसांचे संग्रह दाखवावे, आणि त्यासाठीं लांब जावयास नको. राजारामपुरींतच चंद्रकांत मांडरे (१९१३–२००१) ह्यांचें कलासंग्रहालय आहे. चित्रपटनट म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण कोरड्या भुकटीच्या छटांनीं चित्रें रंगविण्यांत त्यांचा हातखंडा होता, आणि आपलें घर व चित्रें त्यांनीं शासनाच्या स्वाधीन केलीं. टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयांत पंचगंगेकांठच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील वस्तु आहेत. १९४५–४६ मध्यें तेथें उत्खनन झालें. समुद्रदेव पॉसिडॉनची छोटी कांस्यमूर्ति त्याच टेकडीवर सांपडली. रोमशीं चाललेल्या व्यापाराची साक्ष ती देते, कारण ती कोठें मिळाली हें नोंदलेलें आहे. स्थान विसरलेली वस्तु मुकी होते. म्हणून प्रत्येक मुलानें आपल्या वस्तूखालीं एक चिठ्ठी लावावी: काय, कोठें, केव्हां, आणि हीच कां?

ह्या चौथ्या प्रश्नाचें मोल पुण्याच्या दिनकर केळकरांच्या (१८९६–१९९०) चरित्रावरून कळतें. ‘अज्ञातवासी’ ह्या नांवानें कविता लिहिणाऱ्या ह्या गृहस्थांचा घरचा धंदा चष्म्यांचा होता. दिवे, अडकित्ते, फण्या, कुलुपें अशा घरगुती वस्तु ते गांवोगांव हिंडून जमवीत, आणि लहानपणींच वारलेल्या राजा ह्या मुलाचें नांव त्यांनीं संग्रहाला दिलें. अडकित्ता सुपारी कातरण्यासाठीं असतो; पण त्याला पोपटाचा वा घोड्याचा आकार देणाऱ्या कारागिराकडे केळकरांची नजर गेली. अमेरिकेंत जोसेफ कॉर्नेल (१९०३–१९७२) ह्यांनीं कोणत्याही कलाशाळेंत न शिकतां न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारांतून चेंडू, पेले, नकाशे जमविले आणि कांचेच्या दर्शनी भागाच्या पेटींत मांडून त्यांचीं काव्यमय चित्रें घडविलीं. बुटांचा रिकामा खोका मिळाला तर अशी पेटी शाळेंतही होते.

चौथ्या आठवड्यांत वर्गाच्या भिंतीलगत हीं चित्रें, ठसे आणि पेट्या मांडाव्या व पालकांस बोलवावें. क्रमांक आणि बक्षिसें ठेवूं नयेत. मूल आपल्या संग्रहाशेजारीं उभें राहील आणि विचारणाऱ्याला उत्तर देईल, एवढी परीक्षा पुरे.

घरच्या माणसांकडून ह्या कामीं फारसें कांहीं लागत नाहीं. कपाटांतील एक खण किंवा पलंगाखालचा एक खोका मुलाच्या नांवें करावा, आणि त्याला न विचारतां तो आवरूं नये. दिवाळीच्या साफसफाईंत केरांत जाणारा तो गुळगुळीत दगड एखाद्या वेळीं मुलाचें पहिलें स्वतःचें चित्र असतें.