अरकूची कॉफी : फळ कोणाचे, मोल कोणाचे?



कॉफी हे सुखवस्तूंचे पेय आणि तिची चव हा रसिकांचा विषय, असा समज रूढ आहे. वस्तुतः ही चव कष्टकऱ्यांच्या हातून घडते. म्हणूनच तिच्या मोलाचा प्रश्न हा वाटणीचा प्रश्न आहे. पूर्व घाटातील अरकू खोरे याची साक्ष देते.

आंध्र प्रदेशातील या डोंगराळ मुलखात सुमारे १,००० मीटर उंचीवर आदिवासी कुटुंबे लहान लहान तुकड्यांत अरेबिका कॉफी पिकवितात. पूर्वी ‘पोडू’, म्हणजे डोंगरउतारावरील झाडोरा जाळून केलेली फिरती शेती, हा येथील मोठा आधार होता. कॉफीला मात्र सावली लागते. त्यामुळे सिल्व्हर ओक, फणस, आंबा ही झाडे राखावी लागतात. त्यांवर मिरीचे वेल चढतात, पाचोळ्याने ओल टिकते आणि उताराची माती धरून राहते. झाडे राखली तरच पीक, असा हा व्यवहार आहे.

झुडपावरची सारी फळे एकदम पिकत नाहीत. लाल झालेली तेवढीच खुडावयाची, हिरवी मागे ठेवावयाची. म्हणून एकाच झुडपाकडे पुनःपुन्हा फिरावे लागते. खुडलेल्या फळांचा गर शक्यतो त्याच दिवशी यंत्राने काढावा लागतो. मग बिया आंबवून त्यांवरील चिकटा धुवावयाचा आणि ओलावा ११-१२ टक्क्यांवर येईपर्यंत त्या जाळीच्या मंचांवर परतत वाळवावयाच्या. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो बी हाती येते. पारख्यांनी १०० पैकी ८० वा अधिक गुण दिले, तरच ती कॉफी खास दर्जाची ठरते.

येथेच खरी मेख आहे. ज्याच्यापाशी गर काढण्याचे यंत्र व वाळवणाची सोय नाही, त्याला कच्चे फळ वा सालीसकट सुकविलेला माल मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला द्यावा लागतो. पुढे वाढणारी किंमत त्याच्या पदरी पडत नाही. २०१७ साली पॅरिसमध्ये अरकूच्या कॉफीचे दुकान उघडले, २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन लाभले. परंतु मानांकनाने नाव सुरक्षित होते, भाव नव्हे. आंतरराष्ट्रीय करारातील निर्यात-कोट्यांची व्यवस्था १९८९ साली कोसळताच जगात कॉफीचे भाव काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास आले होते, हे विसरता येत नाही.

भावाइतकाच जमिनीचा प्रश्न मूलभूत आहे. अनुसूचित क्षेत्रातील जमीन खाजगी खाणमालकांना भाडेपट्ट्याने देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या ‘समता’ निकालात मनाई केली. तो खटला अरकूलगतच्या अनंतगिरी भागातील खाणींवरूनच उभा राहिला होता. पायाखालची जमीन गेली असती, तर चवीची चर्चा कोणी केली असती?

सहकार हा यावरचा मार्ग आहे. मात्र तो डोळसपणे चोखाळला पाहिजे. ऊस पिकविणाऱ्याने कारखान्याचा मालक व्हावे, हा धडा प्रवरानगरने घालून दिला. पुढे अनेक कारखाने मूठभर पुढाऱ्यांची संस्थाने बनली, हाही महाराष्ट्राचाच अनुभव आहे. म्हणून यंत्र व वाळवणाची जागा उत्पादकांच्या सामुदायिक मालकीची हवी, हंगामापूर्वी स्वस्त कर्ज हवे, किमान भावाची हमी हवी, आणि फळे खुडणाऱ्या स्त्रियांना सभासदत्व हवे. संस्थेचा हिशेब दरवर्षी गावसभेत मोठ्याने वाचला गेला पाहिजे. एवढे झाले, तरच डोंगरावरच्या श्रमाचे मोल डोंगरावर परत येईल.